भाचीची गाठ, आत्याचा धीर

सकाळी आत्या-भाचीची जुंपली ती दुधाच्या पेल्यावरून. भाचीने पेला ओठाला लावला, तोच आत्याने तो ओढून घेतला आणि स्वतःच पिऊन टाकला.

"मशीनखाली जायचं तर पोट रिकामं हवं. मेंढरांना ठेवतो की नाही आपण उपाशी?"

"मी मेंढी आहे का, आत्या?"

"मेंढी असतीस तर उलटून बोलली नसतीस."

तिचंही चुकलं नाही म्हणा. दर साली एक माणूस मशीन घेऊन मेंढवाड्यात येतो, मेंढीच्या पोटाला लावतो, पोटात कोकरू एक की दोन ते सांगतो. आत्या लगेच रंगीत खडूने मेंढीच्या पाठीवर पट्टा ओढते. एकाला निळा, जुळ्याला लाल. सोनोग्राफी म्हणजे एवढंच, तिच्या लेखी.

पण भाचीला अंघोळीच्या वेळी छातीत गाठ लागली होती. गोटीएवढी. बोट लावलं की गाठ सरके, मनातली भीती मात्र जागची हलत नसे. आईविना वाढलेली पोर, सांगणार कुणाला? वाड्यात मेंढरांवर ओरडायची ती गप्प झाली, तेव्हा आत्याने तिला कोपऱ्यात गाठून बोलतं केलं.

दवाखान्यातली खोली अंधारी, पलंगावर कागद अंथरलेला. डॉक्टरीणबाईंनी छातीवर जेल लावलं, यंत्र फिरवलं. पडद्यावर पावसाळी आभाळ हलायला लागलं.

भाचीने डोळे मिटले. आत्या पडद्याला नाक लावून उभी.

"किती आहेत?"

"एकच."

"बघा नीट. मागे एखादं लपलेलं असतं."

"आत्या, गप बस," भाची डोळे मिटूनच म्हणाली.

"एकच आहे," बाई म्हणाल्या. "हे बघ पोरी, डोळे उघड. काठ गुळगुळीत, आकार आडवा, लांबट. तुझ्या वयात अशा साध्या गाठी पुष्कळ जणींना होतात. कॅन्सरचं लक्षण यात काही दिसत नाही. सहा महिन्यांनी परत बघू. वाढली तर सुईने नमुना घेऊ."

भाचीने श्वास सोडला. तेवढ्यात तिच्या खांद्यावर काहीतरी सर्रकन ओढलं गेलं.

"हे काय केलंत?" बाईंनी विचारलं.

"एक आहे ना? निळा पट्टा," खडू खिशात टाकत आत्या म्हणाली. "हाताला सवय."

भाची हसायला लागली ती थांबेना. पडद्यावरचं आभाळ गदगदा हललं. बाईंनी यंत्र बाजूला ठेवलं आणि तोंड फिरवून त्याही हसल्या.

भाचीने अंग पुसलं, कपडे नीट केले. आत्या मात्र कोपऱ्यातल्या स्टुलावर बसली ती उठेना.

"बाई, ते जेल उरलंय का थोडं?"

"कशाला?"

"मलाही आहे एक," आत्या जमिनीकडे बघत म्हणाली. "मेंढ्या व्याल्या की दाखवू म्हणत होते. मेंढ्या काय, दर साली व्यातात."

खोलीत कुणी हसलं नाही.

"तुमच्या वयाला आधी दुसरी तपासणी," बाई हळू आवाजात म्हणाल्या. "मॅमोग्राफी, म्हणजे स्तनांचा एक्स-रे. शेजारच्याच खोलीत."

"वय कशाला काढता? उद्या येते."

"आत्ता," भाची म्हणाली. तिने आत्याच्या काखेत हात घातले आणि बसकण मारलेल्या जनावराला उठवतात तशी तिला उभी केली.

"ढकलू नकोस. जातेय की मी," आत्या म्हणाली, आणि भाचीचं मनगट तिने असं धरलं की शेजारच्या खोलीत ते सोडवायला दोन बाया लागल्या.