सरदारची सोयरीक

लग्नं जुळवणारे काका म्हणजे महाचोखंदळ माणूस. मुलामुलीची पाच-पाच पिढ्यांची नाती खणून काढायचे आणि जरा कुठे जवळचं नातं निघालं की स्थळ बाद! पण स्वतःच्या लाडक्या सरदारचं, म्हणजे घरातल्या चपट्या नाकाच्या पग कुत्र्याचं, लग्न ठरवताना मात्र गडी पार हुरळून गेला. का, तर नवरी त्याच नामांकित घराण्यातली, शुद्ध रक्ताची!

लग्नाआधी तब्येत दाखवून घ्यावी म्हणून काका त्याला डॉक्टरीणबाईंकडे घेऊन गेले. सरदार तीन पायऱ्या चढला आणि चौथीवर फतकल मारून बसला. घरघर अशी, की आत बसलेल्यांना वाटलं कुणाची तरी स्कूटर सुरू होत नाहीये.

"दोघांची वंशावळ आणलीय," काका ऐटीत म्हणाले. "सगळे बक्षीस मिळवलेले."

बाईंनी कागदावर बोट फिरवलं. "वडलांचे वडील हा. आईचे वडीलही हाच. आईच्या आईचे वडील... काका, हा एकच कुत्रा आहे!"

काकांनी घाईघाईने नवरीचा कागद उलगडला. तिथेही तेच महाशय.

"म्हणजे हे सरदारचे आजोबा, पणजोबा आणि आजेसासरेही?" काकांना घाम फुटला. माणसांचं असलं स्थळ त्यांनी दारातूनच हाकललं असतं.

"घरातल्या घरात चपटं नाकच निवडत गेलं की असं होतं," बाई म्हणाल्या. "याच्या नाकपुड्या जवळजवळ बंद आहेत. पिल्लांचे हाल होतील ते वेगळेच, पण ऑपरेशन केलं नाही तर यालाच उन्हाळा झेपायचा नाही."

लग्न गेलं चुलीत! काकांनी तिथूनच नवरीच्या मालकीणबाईंना फोन लावला. "ताई, सोयरीक मोडली."

"अहो, इथे फुगे लावून झालेत!" ताई कडाडल्या. तेवढ्यात त्यांच्या मागून हुबेहूब तीच घरघर ऐकू आली. काकांनी वळून सरदारकडे पाहिलं.

"ताई," ते हळूच म्हणाले, "तिलाही इथेच घेऊन या. तारीख तीच ठेवू."

त्या तारखेला दोघांचीही नाकं एकापाठोपाठ एक मोकळी झाली. दुपारी दोघं एकाच चादरीवर झोपली होती. काका उशाशी बसले होते. अचानक ते किंचाळले, "डॉक्टर, धावा! याचा आवाज बंद झाला!"

बाई धावत आल्या. त्यांनी काकांचा हात धरून सरदारच्या पोटावर ठेवला. पोट संथ वरखाली होत होतं.

"श्वास चाललाय हो. असाच चालतो तो."

काका ढसाढसा रडायला लागले. सरदारने एक डोळा उघडून एवढा आवाज कोण करतंय ते पाहिलं आणि पुन्हा झोपून गेला.