तंटामुक्त मासे

शहाद्यापासून तीन कोसांवरच्या त्या गावात उन्हाळ्याची सकाळ कोंबड्याने नव्हे, मंगलाबाईच्या तोंडाने उजाडायची. तिच्या आणि शेजारच्या रमिलाबाईच्या अंगणांच्या मध्ये एक गावठी आंबा होता. खोड मंगलाबाईकडे, अर्ध्या फांद्या रमिलाबाईकडे. कैरी धरली की दोघींच्या अंगात यायचं.

"आंबा मन्हा सासरानी लायेल शे!"

"मंग सांग तुन्हा सासराले, फांद्या बी घरमा ठेव म्हनावं!"

सासरा जाऊन वीस वर्षं झाली होती, पण त्याचीही सुटका नव्हती. पंधरा-वीस दिवस असा दणका चालायचा. मग कैऱ्या फोडल्या जायच्या आणि लोणच्याची पहिली वाटी भिंतीवरून पलीकडे जायची. पलीकडूनही एक यायची. त्यात मीठ जास्त आहे, हे दोघी गावभर सांगायच्या.

मंगलाबाईची मुलगी रुपा या भांडणाच्या गजरात शिकली, मोठी झाली आणि कुठल्या कुठे, लक्षद्वीपच्या समुद्रात मासे मोजायला गेली. गावाला हे काम काही केल्या पटेना. मासे मोजायचे, मग खायचे का नाहीत? तिचे मासे होते प्रवाळावरचे, पिवळे-काळे, तळहाताएवढे, फुलपाखरू मासे म्हणतात ते. जिवंत प्रवाळ हेच त्यांचं अन्न. आपल्या प्रवाळाजवळ दुसरा आला की हे चिमुकले जीव असे चवताळून पाठलाग करतात, की रुपाला पाण्याखाली आईची आठवण यायची. एका माशामागे पाच मिनिटं पोहायचं आणि पाटीवर प्रत्येक पाठलागाची एक रेघ मारायची, एवढंच तिचं काम. एरवी सात-आठ रेघा सहज व्हायच्या.

दोन उन्हाळ्यांपूर्वी समुद्र तापला. आठवड्यामागून आठवडे पाणी निवेना. प्रवाळ आधी पांढरे पडले, मग त्यांच्यावर शेवाळ चढलं. शेवाळ खाणारे मासे झुंडीने आले. आणि फुलपाखरू मासे? एकाच मेल्या प्रवाळाभोवती चार-चार जण शांतपणे फिरत होते. पाटी कोरी राहिली. रुपाने अहवालात लिहिलं, माशांची संख्या टिकून आहे, आपसातली भांडणं जवळपास थांबली आहेत, त्यांनी जुळवून घेतलेलं दिसतं. तिच्या मार्गदर्शक बाईंनी ते वाचून विचारलं, "जुळवून घेतलं, की पाठलाग करायची ताकद उरली नाही?" तोवर अहवाल पुढे गेला होता. पुढच्या वर्षी त्याच जागेवर निम्मे मासेही नव्हते.

त्याच काळात आई फोनवर म्हणायची, "आते नही भांडत मी रमिलासंगे." आणि ही शहाणी मुलगी म्हणायची, "बरं झालं, आई." तेव्हा तिला आनंद झाला होता. आता तो आठवला की तिला स्वतःच्या थोबाडीत मारावीशी वाटते.

यंदाच्या मे महिन्यात भिलाआबांचा फोन आला. ते गावच्या तंटामुक्त समितीचे अध्यक्ष. गावाला बक्षीस मिळालं होतं, आणि गावातली सगळ्यात जुनी भांडणारी जोडी म्हणून दोघींचा साडी-नारळ देऊन सत्कार होता. "तू बी ये. दोन शब्द बोल. शिकेल पोर शे आमनी."

रुपा आली. आईच्या पोलक्याच्या बाह्यांत दोन हात मावतील एवढी जागा झाली होती. स्वयंपाकघरात एकच डबा वापरात होता, टोस्टचा.

"तू जेवतेस तरी काय?" रुपाने विचारलं.

"एकटीसाठे काय चूल पेटाडानी? च्या शे ना."

रुपाचा भाऊ, भूपेश, सुरतेला. रमिलाबाईचा मुलगाही तिकडेच. आंब्याचा मोहोर सलग तीन वर्षं उन्हाने गळाला होता, यंदा फांद्यांच्या शेंड्यांना थोड्या कैऱ्या कशाबशा तगल्या होत्या. रुपाने आकडीची काठी घेतली आणि भर दुपारी, रमिलाबाई ओट्यावर बसलेली असताना, तिच्याच बाजूच्या फांदीवरून एकेक कैरी ओढायला लागली. मुद्दाम. दणादण. कोणीतरी ओरडावं म्हणून.

रमिलाबाईने डोळे किलकिले करून पाहिलं. "तोड, बेटी. कोन खाई ऱ्हायनं?"

रुपाने आईकडे पाहिलं. निदान पोरीला तरी ओरडेल. आई म्हणाली, "ऱ्हाऊ दे. उन लागी तुले."

कैऱ्या तिथेच पडून राहिल्या. कोणी उचलल्या नाहीत. हे रुपाने समुद्रात पाहिलेलं होतं. या कोऱ्या पाटीचा अर्थ या गावात फक्त तिला माहीत होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी शाळेच्या पटांगणात मांडव, खुर्च्या, लाउडस्पीकर. दोघी शेजारी शेजारी बसल्या, मांडीवर सारख्याच साड्या. रुपाला माईक दिला. तिने ठरवलंच होतं, सगळं सांगायचं.

"मी ज्या माशांचा अभ्यास करते, ते फार भांडखोर आहेत," ती म्हणाली. लोक हसले. "पण समुद्र तापला, त्यांचं अन्न मेलं, आणि त्यांनी भांडणं सोडून दिली."

टाळ्यांचा कडकडाट झाला. पुढची खुर्चीवाली मंडळी तर उभीच राहिली. भिलाआबांना भरून आलं. त्यांनी माईक हातातून घेतला. "मासा बी शिकी ग्यात! आपन तं मानसं शेतस!"

रुपाचं पुढचं वाक्य राहूनच गेलं. पुढच्या वर्षी निम्म्याहून जास्त मेले, एवढंच तर सांगायचं होतं. माईक परत मागता आला असता. पण टाळ्या वाजत होत्या, म्हाताऱ्या माणसाचे डोळे ओले होते, फोटोवाला हात करत होता. ती फोटोत जाऊन उभी राहिली. दुसऱ्यांदा तिने अर्धाच अहवाल दिला, आणि यावेळी तो माशांचा नव्हता.

घरी आल्यावर आईने साडी ट्रंकेत ठेवली. रुपा दारात उभी होती. तिचा तोल सुटला. "रमिलाकाकीशी नाही तर माझ्याशी भांड! मी तिची सगळी फांदी ओरबाडली, तू एक शब्द बोलली नाहीस! भांड ना, आई!"

मंगलाबाईने ट्रंकेचं झाकण लावलं आणि त्याच्यावरच टेकली. तेवढ्यानेही तिला दम लागला होता.

"भांडाले जीव लागस, बेटी," ती म्हणाली. "तो कोठेन आनू?"