काल संध्याकाळी आलेलं यंत्र

ब्लेड घसरलं आणि भिमाजीच्या अंगठ्यात शिरलं. रक्त पेटीवर सांडू नये म्हणून त्यानं अंगठा पटकन तोंडात धरला. पेटीवर पांढऱ्या रंगात लिहिलेलं दुसऱ्या कॉलेजचं नाव अजून निम्मंच खरवडून झालं होतं.

"उरलेल्यावर आपलं लेबल चिकटव," राळेभात सर दारातूनच म्हणाले. ते पदार्थविज्ञान शिकवायचे, भिमाजी त्यांच्या प्रयोगशाळेत शिपाई होता. त्यांचाही चेहरा उतरला होता.

बहात्तर साल सरत आलं होतं. तालुक्याच्या या लहान कॉलेजात फिजिक्सचा शेवटच्या वर्षाचा वर्ग काढायला परवानगी द्यायची की नाही, हे ठरवायला विद्यापीठाची समिती दहा वाजता यायची होती. प्रयोगशाळेत भिंगं, लोलक आणि दोन जुनाट मीटर सोडले तर काही नव्हतं. म्हणून काल संध्याकाळी दुसऱ्या कॉलेजातून एक स्पेक्ट्रोमीटर, म्हणजे उजेडातले रंग वेगळे करून मोजायचं यंत्र, आणि सोडियमचा दिवा मागून आणला होता. टेम्पोतून, गवतात गुंडाळून.

"विचारलंच तर म्हणायचं, दोन वर्षं झाली येऊन," प्राचार्यांनी त्याला बजावलं होतं. "तू अजून कायम झालेला नाहीस, भिमाजी. एवढं ध्यानात ठेव."

ते ध्यानातून जातच नव्हतं. पावसानं सलग दगा दिला होता. त्याची बायको लंकाबाई खर्ड्याच्या रस्त्यावर दुष्काळी कामावर खडी फोडत होती. ही नोकरी गेली तर उद्या तिच्या शेजारी बसायचं, हे त्याला दिसत होतं. लाकडी फळ्यांच्या भिंतीपलीकडं राज्यशास्त्राचा तास चालू होता. गर्जे सर नागरिकांचे हक्क समजावून सांगत होते. एरवी भिमाजी काचा पुसत ते आवडीनं ऐकायचा. आज एक अक्षर कानात शिरत नव्हतं.

समिती आली. तिघांतले एक वयस्कर, जाड चष्म्याचे प्राध्यापक थेट स्पेक्ट्रोमीटरपाशी थांबले. "दोन वर्षं झाली हे येऊन," प्राचार्य घाईनं म्हणाले. टेबलापाशी मनकर्णा उभी होती, दुसऱ्या वर्षाच्या वर्गातली एकुलती एक मुलगी. गणितात सगळ्यांच्या पुढं.

"घे बरं रीडिंग," प्राध्यापक तिला म्हणाले.

दिव्याचा गुलाबी उजेड हळूहळू पिवळा होत गेला. मनकर्णानं दुर्बिणीला डोळा लावला. काहीच दिसेना. तिनं एक स्क्रू फिरवला, मग दुसरा. तरी अंधारच.

"दोन वर्षं यंत्र समोर आहे आणि हात कुठं लावायचा ते कळत नाही?" प्राध्यापक वैतागले. "मग दोष यंत्राचा नाही, बाई. तू कशाला आलीस या विषयाला? घरी बसायचं."

मनकर्णानं मान खाली घातली. राळेभात सर खिडकीबाहेर बघत होते. प्राचार्यांनी घसा खाकरला. गप बस, गप बस, असं भिमाजी स्वतःला सांगत होता, आणि तेवढ्यात त्याला स्वतःचाच आवाज ऐकू आला.

"सायेब, तिचा दोष न्हाई. हे यंत्र काल सांजच्याला आलंय. तिनं ते आज पैल्यांदाच बघितलंय."

प्राध्यापकांनी चष्मा काढला, पेटीवरच्या ओल्या लेबलाकडं पाहिलं आणि वहीत काहीतरी लिहिलं.

त्यानंतर भिमाजीला झोप नीट लागेना. कुणी हाक मारली की कामावरून काढायलाच बोलावलं असं वाटायचं. फेब्रुवारीत विद्यापीठाचं पत्र आलं. परवानगी नाकारली होती. प्राचार्यांनी त्याच्याकडून प्रयोगशाळेची किल्ली घेतली. "उद्यापासून घंटा आणि पाणी बघ. पुढचं पुढं," एवढंच म्हणाले.

मनकर्णा फाटकात भेटली.

"बाबा म्हनत्यात, शेवटच्या वर्षाला नगरला पाठवायची न्हाई."

"पोरी, मी तुज्यासाठी..."

"गप बसायचं हुतं, मामा. मला बोलणी खायची सवय हाय."

ती निघून गेली. तिला काय सांगायचं, ते भिमाजी पुढं चार महिने शोधत राहिला. ती समोरून येताना दिसली की तो पाण्याच्या टाकीमागं सरायचा.

जूनमध्ये कॉलेज उघडलं. पहिल्याच आठवड्यात सूचनेची वही घेऊन तो राज्यशास्त्राच्या पहिल्या वर्षाच्या वर्गाच्या दारात गेला, आणि जागीच थबकला. नव्या पोरींच्या मागं, शेवटच्या बाकावर मनकर्णा बसली होती. दोन वर्षं मागं जाऊन, पुन्हा पहिल्या वर्षापासून. आता ती तोंड फिरवणार, म्हणून त्यानं नजर जमिनीला खिळवली आणि वही कशीबशी गर्जे सरांच्या हातात दिली.

मागं बाक करकरलं. त्यानं भीत भीत वर पाहिलं. मनकर्णा उभी राहिली होती, सर वर्गात आले की उभं राहतात तशी.

"काय गं? काही विचारायचंय?" गर्जे सरांनी विचारलं.

"काही नाही, सर."

पोरी खुसखुसल्या. सरांनी सूचना वाचून वही परत दिली. भिमाजी दाराबाहेर पडेपर्यंत ती उभीच होती.