क्रशरवरचा उतारा

सेलूच्या पलीकडं गिट्टी फोडायच्या क्रशरवर ओमप्रकाशचं भूत खोकतं, अशी २००३ च्या उन्हाळ्यात सगळ्या वस्तीची खात्री पटली होती. जिवंतपणी वर्षानुवर्षं खोकत होता तेव्हा कुणी कान दिला नाही. आपल्याकडं माणसापेक्षा भुताला मान जास्त.

नागपूरच्या डॉक्टरनं त्याच्या बायकोला, शकुबाईला, नीट सांगितलं होतं: दगडाची धूळ छातीत बसली, फुप्फुसांवर वण पडले, त्यावर औषध नाही. पण ओमप्रकाश गेला आणि महिन्याभरात मुलगा प्रफुल बापाच्याच जागेवर उभा राहिला. घर चालायला पाहिजे होतं. मग तिथून खोकला ऐकू येतो अशी बोलवा उठली. बाप पोराला न्यायला आलाय, असं शेजारची लीलाबाई म्हणाली आणि शकुबाईनं वस्तीतल्या भगताचं घर गाठलं. धुळीशी भांडता येत नाही, भुताशी येतं.

भगतानं तोडगा दिला, "त्याच्या आवडीचं जेवण क्रशरपाशी ठेवजो. येताना मांगं पाहू नोको, नाईतर तो मांगंमांगं घरी येईन."

दिवस कलताना तिनं भाकर, झुणका आणि बिडीचं बंडल तिथं ठेवलं. धुळीत समोरचं दिसत नव्हतं. "पोराले सोडा," एवढं बोलून ती वळली.

मागं खोकला सुरू झाला. आधी कोरडा, मग ओढून आणलेला, शेवटी शीळ. उशाशी ऐकलेला नवऱ्याचाच खोकला. तिला आधी रडू आलं, भीती नंतर वाटली. वाटभर तो मागंच येत होता. मध्येच हाक आली, "माय, थांब वं." भूत पोराचा आवाज काढतं, हेही भगतानं सांगून ठेवलं होतं. ती पळत सुटली, घरात शिरली आणि कडी घातली.

"माय, दार उघड."

"तुमी जा," ती आतून म्हणाली. "मले न्या पायजे तर, पण प्रफुलले ठेवा."

बाहेर कुणीतरी दाराला टेकून खाली बसलं. बोलायला दम पुरेना.

"मीच व्हय, माय. चालवत नाई आता. काऊन पळून राह्यली?"

तिनं कडी काढली. डोक्यापासून पायांपर्यंत राखट झालेला प्रफुल उंबऱ्यावर बसला होता. ती त्याला पदरानं पुसायला लागली. चेहरा उजळला, पण खोकला थांबेना. पुसता पुसता ती देवाला एकच विनवत होती, हे भूतच असू दे.