ऐनवेळचे विषय

ट्रस्टच्या कचेरीत त्याला पाठीमागे सगळे 'चाळणी' म्हणायचे, आणि ते त्याच्या कानावर होतं. गावोगावच्या लहान वर्तमानपत्रांचे मदतीसाठी अर्ज यायचे, ते याने चाळायचे. वर राहतील त्यांना पैसे, खाली गळतील त्यांना नमस्कार. ट्रस्ट मोठ्या बाईंचा. नवऱ्याने मागे भरपूर ठेवलेलं, तेव्हा बाईंच्या मनाने घेतलं की नफ्यासाठी न चालणाऱ्या गावच्या बातमीदारांना आधार द्यायचा. हेतू सोन्यासारखा, पण देणारा हात एक आणि पुढे झालेल्या ओंजळी ढीगभर. म्हणून चाळणी. माणूस वाईट नव्हता हो. वाईट असता तर फोनवर नाही म्हणून मोकळा झाला असता. हा पठ्ठ्या नकार द्यायला स्वतः जायचा, गाडीचे धक्के खात.

त्या दिवशीही तो असाच एका साप्ताहिकाच्या दारात उभा राहिला. साप्ताहिक कसलं, शिंप्याच्या दुकानावरची एक खोली. संपादक, बातमीदार, हिशेबनीस आणि झाडूवाली, सगळं एकच बाई. गाव तिला ताई म्हणायचं. नवरा नोकरीपायी परगावी, आणि मुद्रितं तपासायला सासरे, निवृत्त मास्तर, कानाने अधू पण ऱ्हस्वदीर्घाला भलतेच कडक. गावातले लोक जमेल तशी वर्गणी द्यायचे, ती कागदात संपायची. बाकी सगळा डोलारा ट्रस्टच्या पैशावर. तो थांबला की साप्ताहिक बंद, यात कुणालाच शंका नव्हती.

आणि हा पैसा थांबणार होता. वाचकच एवढे थोडे, की मोठ्या बाईंपुढे आकडा ठेवायची लाज वाटावी. 'यांच्यामुळे गावात काय बदललं?' हा बाईंचा ठरलेला प्रश्न, आणि चाळणीला काही केल्या उत्तर सापडलं नव्हतं.

ताईने खुर्चीवरचे अंक उचलून त्याला बसायला जागा केली. चहा आला. त्याने घसा खाकरला. "ताई, मी जरा एक बोलायला आलो होतो."

"बोला की. साखर कमी झाली का?"

"नाही, चहा छान आहे." झालं. चहा छान आहे म्हटल्यावर पुढे नकार कसा द्यायचा? त्याने कप खाली ठेवला, पुन्हा तोंड उघडलं, आणि तेवढ्यात जिन्यात धाडकन आवाज झाला. मास्तर छापखान्याकडे निघाले होते, चार पायऱ्या गडगडत खाली गेले.

दोघं धावले. म्हाताऱ्याच्या कपाळातून रक्त येत होतं, आणि तशाही अवस्थेत तो विचारत होता की मुद्रितं भिजली नाहीत ना. ताईने पदर फाडायचं नाटक वगैरे काही केलं नाही. शिंप्याकडून कोरं कापड घेतलं, घट्ट दाबून धरलं आणि रिक्षा बोलवायला सांगितली. मग तिची नजर भिंतीवरच्या घड्याळाकडे गेली आणि तोंड एवढंसं झालं.

"साहेब, एक काम कराल? नगरसभेची बैठक आहे आत्ता. तिथे जाऊन बसाल का?"

"मी? अहो, मला बातमी कुठे लिहिता येते?"

"लिहू नका. नुसतं बसायचं. आत गेलं की डाव्या हाताला खिडकीपाशी पत्रकारांची खुर्ची आहे, एकच आहे. आणि ऐनवेळचे विषय उरकल्याशिवाय उठू नका, काहीही झालं तरी."

"हे ऐनवेळचे विषय काय आणखी?"

"आधी कुणाला सांगायचं नाही, बैठक उठता उठता पुढे करायचं आणि हात वर करून मोकळं व्हायचं, ते. शाळेमागचं मैदान अध्यक्ष आपल्या साडूला द्यायच्या बेतात आहेत, गाड्या लावायला भाड्याने. दोन बैठका झाल्या, मी उठतच नाही म्हणून अडलंय." एवढं बोलून ती सासऱ्यांना धरून रिक्षात बसली.

आता नकार द्यायला आलेल्या माणसाने एवढं तरी करावं, असं म्हणून तो गेला. माणुसकीपोटी गेला. त्यात काही अर्थ आहे असं त्याला मुळीच वाटत नव्हतं.

सभागृह म्हणजे एक लांबट खोली, वर कुरकुरणारे पंखे. तो खुर्चीवर टेकला तसं टेबलाभोवतीचं बोलणं एकदम थांबलं. अध्यक्ष गोलमटोल, हसतमुख, बोटात तीन अंगठ्या. त्यांनी शिपायाला खूण केली, शिपायाने येऊन विचारलं, "आपण कोण?" चाळणीने प्रामाणिकपणे साप्ताहिकाचं नाव सांगून "ताईंच्या जागी" म्हटलं. अध्यक्षांचं हसू तोंडावरच राहिलं, पण डोळ्यांतून गेलं.

मग गटारं निघाली. गटारांनंतर दिव्याचे खांब, खांबांनंतर पुन्हा गटारं. त्याला जांभया अनावर झाल्या. वेळ जावा म्हणून त्याने खिशातलं पेन काढलं आणि समोरच्या कागदावर कोंबडी काढायला घेतली. लहानपणापासून त्याला तेवढं एकच चित्र येत होतं. पेन हललं मात्र, आणि खांबांचा भाव सांगणारा एक सभासद अडखळला. "म्हणजे अंदाजे हं," तो म्हणाला, "नक्की आकडा बघून सांगतो." चाळणीने कोंबडीला तुरा काढला. सभासदाने भाव थोडा खाली आणला.

तेव्हा कुठे आपला गडी जागा झाला. त्याने पेन ठेवून माणसांकडे बघायला सुरुवात केली. अध्यक्षांच्या सदऱ्याच्या खिशात घडी घातलेला एक कागद होता. चाळणी पिशवी घ्यायला खाली वाकला की अध्यक्षांचा हात खिशाकडे जायचा. तो सरळ बसला की हात मुकाट टेबलावर. त्याने खात्री करायला पुन्हा वाकून पाहिलं. हात पुन्हा खिशाकडे. आता त्याला हसूही येईना आणि उठवेही ना.

त्याची परतीची शेवटची गाडी सुटायची वेळ होत आली. त्याने घड्याळ पाहिलेलं अध्यक्षांनी बहुधा हेरलं असावं. "पत्रकारसाहेब, तुम्हाला लांब जायचं असेल," ते मायेने म्हणाले. "आता काही राहिलं नाही. किरकोळ आहे सगळं."

"असू दे," तो म्हणाला. "मला किरकोळ आवडतं."

गाडी गेली. तिचा भोंगासुद्धा खिडकीतून ऐकू आला. बायकोला काय सांगायचं हा प्रश्न त्याच्या मनात येऊन गेला, पण तो हलला नाही. सभासद चुळबुळ करू लागले. कुणी घड्याळ बघे, कुणी अध्यक्षांकडे. शेवटी एक सभासद बाई वैतागून म्हणाल्या, "अहो, माझ्या घरी पाहुणे येऊन बसलेत. काय असेल ते उरका, नाहीतर उठू द्या."

अध्यक्षांनी खिडकीकडे एकदा पाहिलं. "ऐनवेळचे विषय नाहीत," ते म्हणाले आणि बैठक उठली.

चाळणी बसूनच राहिला. इतकी वर्षं तो गावोगाव विचारत हिंडला होता, तुम्हाला किती लोक वाचतात. या खोलीत किती लोक तुम्हाला भितात, हे त्याने एकदाही विचारलं नव्हतं. आपलीच आपल्याला लाज वाटली त्याला, चांगलीच वाटली.

बाहेर पायऱ्यांवर अध्यक्षांनी त्याच्या खांद्यावर हात टाकला. "ताईंचा पेपर बंद पडतोय म्हणे या महिन्यात? पैसे देणाऱ्यांनी हात आखडलाय, असं कानावर आलं. चांगला होता हो पेपर. असो. आम्हाला काय, महिनाभराने बैठक घेतली तरी चालते."

म्हणजे मैदान त्याने वाचवलं होतं ते महिनाभरासाठी, आणि पुढच्या महिन्यात ती खुर्ची रिकामी ठेवणाराही तोच होता. त्याच्या कानशिलापर्यंत रक्त चढलं.

"कोण म्हणालं बंद पडतोय?" तो म्हणाला. "चालू राहणार आहे." आणि खांद्यावरचा हात उचलून त्याने बाजूला केला.

बोलून तर बसला, पण पैसे काय याच्या तीर्थरूपांचे होते? कोपऱ्यावर जाऊन त्याने मोठ्या बाईंना फोन लावला आणि कोंबडीसकट सगळं सांगितलं. बाई ऐकून घेत होत्या. मग म्हणाल्या, "ते ठीक आहे. पण पैसे वाटून झालेत. यांना द्यायचे तर कुणाला गाळू?"

"वार्षिक समारंभ गाळा."

"त्यात माझा सत्कार असतो."

"हो, बाई."

त्याला वाटलं, समारंभाच्या आधी आता आपणच गळतो. "त्या शालींचा नाहीतरी ढीग झालाय कपाटात," बाई म्हणाल्या. "गाळा. आणि पुढच्या खेपेला मलाही न्या तिकडे. मला त्या माणसाचा हात बघायचाय."

दवाखान्यात मास्तर कपाळाला पट्टी बांधून पडले होते. टाके पडले होते, बाकी धोका नव्हता. ताई बाकावरून ताडकन उठली. "काय झालं?"

"काही झालं नाही. विषय निघालाच नाही."

तिने डोळे मिटून श्वास सोडला. "बरं झालं," एवढंच म्हणाली. मग त्याने पैशांचं सांगितलं. या वर्षीचे मिळणार, साप्ताहिक चालू राहणार. तिला आधी ते कळलंच नाही. कळलं तेव्हा ती भिंतीकडे तोंड करून उभी राहिली आणि तिचे खांदे हलायला लागले. मास्तर खाटेवरून ओरडले, "काय म्हणतायत ते?"

"पेपर निघणार, बाबा."

"अगं, तो दर आठवड्यालाच निघतो," मास्तर म्हणाले आणि कुशीवर वळले. त्यांना बिचाऱ्यांना कुणी काही सांगितलंच नव्हतं.

ताईने डोळे पुसले. चाळणीला राहवेना. "खरं सांगू का ताई, मी आज तुम्हाला नाही म्हणायला आलो होतो."

"माहीत आहे मला. घसा खाकरत, चहाचं कौतुक करत हो कोण म्हणतं? दारात आलात तेव्हाच कळलं."

"आणि तरी मला बसायला पाठवलंत? काय घडतं ते बघून माझं मन फिरेल म्हणून?"

"छे हो. तुमच्या मनाचा विचार करायला वेळ कुठे होता?" ती म्हणाली. "खुर्ची रिकामी होती, आणि तुम्ही मोकळे होतात."