पाच एमएलचं प्रभुभोजन

महाडच्या त्या छोट्या ख्रिस्ती मंडळीत प्रभुभोजनाचा प्याला एकतीस वर्षं एकच होता. पितळेचा, आतून कल्हई केलेला. गुडघे टेकलेल्या माणसांच्या रांगेसमोर पाळकसाहेब तो धरायचे, प्रत्येक जण द्राक्षरसाचा एक घोट घ्यायचा, पाळकसाहेब पांढऱ्या फडक्याने कड पुसून पुढे सरकायचे. एकतीस वर्षांत त्या कडेला पान खाणाऱ्यांचे ओठ लागले, तंबाखू मळणाऱ्यांचे लागले, आदल्या संध्याकाळी भलत्याच पेल्याला लागून आलेलेही लागले. कोविडाचा काळ सोडला, तर कोणालाही जंतू आठवले नाहीत.

जंतू आठवले ते यंदा, ईस्टरच्या आधीच्या, झावळ्यांच्या रविवारी, उपासनेनंतरच्या कमिटीत.

झालं होतं असं, की मार्चच्या सुरुवातीला कुशाबा आणि त्याची बायको जनी यांचा सावित्रीच्या पात्रात बाप्तिस्मा झाला. कुशाबा मूळचा पोलादपूरच्या वरच्या अंगाच्या एका वाडीतला. महाडात तो सेप्टिक टँक उपसणाऱ्या गाडीवर काम करायचा. मंडळीतल्या बहुतेकांच्या टाक्या त्यानेच उपसल्या होत्या, म्हणजे ओळख तशी जुनी होती. आणि या मंडळीची एक रीत होती. नव्याने बाप्तिस्मा घेतलेल्याने पहिल्या प्रभुभोजनाला रांगेत सर्वांच्या आधी बसायचं. प्याला आधी त्याच्या ओठी, मग बाकीच्यांच्या. फार हृद्य रीत! बायका पदराने डोळे टिपायच्या. पण आजवर नवीन आलेले म्हणजे एक शिक्षक, एक तलाठी आणि एक एसटीतले कंडक्टर. त्यांच्यानंतर प्यायला कोणाची हरकत नव्हती.

"विषय फक्त आरोग्याचा आहे," अध्यक्ष राजेश म्हणाले. बाजारपेठेत त्यांचं मेडिकल स्टोअर होतं. "बाकी काही मनात आणू नका. माझं प्रेम सगळ्यांवर सारखंच आहे."

प्रेम खरोखर सारखं असलं की सहसा ते जाहीर करावं लागत नाही. तरी कमिटीने माना डोलावल्या.

"एक प्याला आणि पस्तीस तोंडं! सायन्स काय म्हणतं, सुहास?"

सुहास मंडळीचा सचिव. एमआयडीसीतल्या एका कंपनीत सांडपाणी तपासणाऱ्या प्रयोगशाळेत तो केमिस्ट होता, त्यामुळे मंडळीत विज्ञानाचं खातं आपोआप त्याच्याकडे होतं.

"म्हणजे, तत्त्वतः," सुहास म्हणाला, "लाळेतून संसर्ग होऊ शकतो."

"झालं तर मग!" राजेशनी टेबलाखालची पिशवी वर घेतली आणि त्यातून प्लास्टिकची मापं काढली. खोकल्याच्या औषधाच्या बाटलीवर बसवलेली असतात ती. अडीच, पाच, दहा अशा रेघा असलेली. "दुकानातली आहेत. कोरी. पाच एमएलच्या रेघेपर्यंत भरायचं. शेवटी श्रद्धा महत्त्वाची, प्रमाण नव्हे."

कमिटीत एकच बाई होती. सरिताबाई, मिशनच्या दवाखान्यातून निवृत्त झालेल्या नर्स. वय चौऱ्याहत्तर. त्यांना सगळे सिस्टर म्हणायचे आणि त्यांना ते दोन्ही अर्थांनी लागू होतं.

"कोविडात प्याला बंद करा, असं पहिली मीच बोलले होते," त्या म्हणाल्या. "ज्याला खोकला असेल त्यानं त्या दिवशी घोट घेऊ नये, हा नियमही माझाच. आता मला सांग सुहास, सध्या कुठला रोग आलाय?"

"तसा रोग नाही, सिस्टर..."

"कुशाबाला टीबी आहे?"

"नाही."

"जनीला कावीळ?"

"नाही हो."

"मग ह्या रोगाला नाव काय?"

पंखा फिरत होता, त्याच्याकडे सगळे एकाएकी कुतूहलाने बघू लागले.

"नाव आहे, आणि जुनं आहे," सरिताबाई म्हणाल्या. "चर्चमध्ये घ्यायची लाज वाटते, एवढंच. अरे, त्या कुष्ठरोग्याला प्रभूनं आधी हात लावला आणि मग तो बरा झाला. क्रम बघा जरा. आधी बरा हो, अंघोळ करून ये, मग लावतो हात, असं नाही म्हणाला."

"त्याचं वेगळं, सिस्टर," खजिनदार पियुष म्हणाला. "तो देवाचा पुत्र. त्याला इन्फेक्शन होणार नव्हतं."

ठराव पाच विरुद्ध एक असा मंजूर झाला. ईस्टरच्या सकाळी, प्रभुभोजनाआधी, सचिवाने एक शास्त्रीय निवेदन वाचून दाखवायचं, म्हणजे कोणाचाही गैरसमज होणार नाही, असंही ठरलं.

सुहासने बुधवारी निवेदन लिहून टाकलं. तीन परिच्छेद झाले. त्यात कुशाबाचं नाव नव्हतं, जनीचं नव्हतं, कोणाचंच नव्हतं. वाचून झाल्यावर त्याला स्वतःच्या भाषेचं कौतुक वाटलं.

गुरुवारी दुपारी त्याच्या घरची टाकी तुंबली.

प्रभूच्या शेवटच्या भोजनाचा दिवस म्हणून त्याने सुट्टी घेतली होती आणि न्हाणीघरातलं पाणी उलटं वर येत होतं. त्याने कुशाबाला फोन केला. अर्ध्या तासात गाडी दारात उभी राहिली. कुशाबाने झाकण सरकवलं, पाइप सोडला, थोडं खेचून बंद केला आणि खाली वाकला.

"भाऊ, तोंडाशी फडकी अडकलीत. मशिनीला नाय जमायचं. हातच घालाय लागंल."

सुहास नाकाला रुमाल लावून आंब्याखाली उभा होता. त्याने मान हलवली. रुमालामुळे बोलता येत नव्हतं, असं तो नंतर स्वतःला सांगत राहिला.

कुशाबाने खांद्यापर्यंत हात घातला, चाचपून फडकी ओढून काढली, बाजूला टाकली आणि हसला. "सायबाची असू दे, नायतर आमची असू दे. वास येकच हाय बगा!"

काम संपल्यावर तो अंगणातल्या नळाशी गेला. कोपरांच्या वरपर्यंत साबण लावला, धुतला, पुन्हा लावला, पुन्हा धुतला. नखंसुद्धा घासली. एप्रिलचं ऊन होतं. "भाऊ, वाईच पानी द्या प्यायला," तो म्हणाला.

सुहास स्वयंपाकघरात गेला. फळीवर स्टीलचे ग्लास पालथे मांडून ठेवले होते, सात. त्याचा हात सातही ग्लासांवरून पुढे गेला आणि कोपऱ्यातली कोल्ड्रिंकची रिकामी बाटली घेऊन आला. ती त्याने माठात न बुडवता नळाखाली भरली.

बाटली दिसताच कुशाबाने काही विचारलं नाही. उकिडवा बसला आणि दोन्ही हातांची ओंजळ तोंडाशी धरली. त्याला हे शिकवावं लागलं नाही. सुहासने वीतभर उंचीवरून धार सोडली. धार नेमकी होती. प्रयोगशाळेत वीस वर्षं काढलेल्या माणसाचा हात हलत नाही.

"रयवारी किती वाजता येऊ, भाऊ?" ओठ पुसत कुशाबाने विचारलं. "आमची बारी पयली हाय म्हनं. जनीनं पेटीतली नवी साडी काडून ठेवलीय."

"नऊला," सुहास म्हणाला.

गाडी गेली. सुहासची बायको अमिता दारात उभी होती. ती कधी आली ते त्याला कळलं नव्हतं.

"ग्लास संपले होते का रे आपल्याकडचे?" तिने विचारलं, आणि उत्तराची वाट न बघता आत गेली.

चवदार तळं सुहासच्या घरापासून सात मिनिटांवर. वीस मार्चला तिथे लोटणाऱ्या माणसांना मंडळीतर्फे तो दरवर्षी पाणी वाटायचा. दोन आठवड्यांपूर्वीही वाटलं होतं, आणि त्याचे फोटोही निघाले होते. पाण्यासाठी या गावात काय घडलं होतं, ते त्याला तारखांसकट पाठ होतं. आता अंगणात ओल्या मातीवर ओंजळीतून सांडलेल्या पाण्याचा डाग होता आणि सुहास तो डाग बघत उभा राहिला. टाकीचा वास तासाभरात गेला. तरी त्या रात्री त्याला जेवण गेलं नाही.

ईस्टरच्या सकाळी चर्च फुलांनी सजलं होतं. वेदीवर लेसच्या रुमालाखाली तबक होतं आणि तबकात पस्तीस मापं, प्रत्येकात रेघेपर्यंत रस. कुशाबा आणि जनी पहिल्या बाकावर बसले होते. जनीच्या हिरव्या साडीची घडी अजून मोडली नव्हती. पाळकसाहेबांनी रुमाल काढला. जनीने तबकाकडे पाहिलं, पाळकसाहेबांकडे पाहिलं.

"सायब, त्यो मोठा प्याला कुठं हाय?"

पाळकसाहेबांनी छताकडे पाहिलं. अडचणीच्या वेळी बरेच पाळक छताकडे पाहतात.

"जनीताई, आता पद्धत बदलली," राजेश गोड आवाजात म्हणाले. "प्रत्येकाला वेगळं. स्वच्छतेसाठी."

"आमी आलो तवाच बदालली?"

"योगायोग आहे."

जनी उभी राहिली. आवाज चढवला नाही तिने. "येगळा कप आमाला नवा नाय, भाऊ. गावाकडं चायच्या टपरीवर आमचा येगळा टांगलेला असायचा, कान तुटलेला. पिऊन आमीच धुवायचा नि आमीच टांगायचा. त्याला कटाळून तर हितं आलो." मग नवऱ्याकडे वळली. "उठा वो. चला."

कुशाबा उठला. चप्पल शोधायला खाली बघत राहिला.

"थांबा, जनीताई!"

सुहास उभा होता. हातात निवेदनाचा कागद होता.

"सुहास, वाच ते," राजेश म्हणाले.

"यात लिहिलेलं सगळं शास्त्राला धरून आहे," सुहास म्हणाला, "आणि सगळं खोटं आहे. गुरुवारी कुशाबाभाऊंनी माझ्या टाकीत हात घातला. मी घालू दिला. त्यांनी दोनदा साबणाने हात धुतले आणि पाणी मागितलं, तर मी वरून ओतलं. बाटलीने. घरात सात ग्लास होते." त्याने कागदाची घडी केली. "मला किळस कशाची आली? घाण तर माझी होती! माझ्या घरची, माझ्या पोटातली! ती ज्याने काढली तो घाणेरडा, आणि ज्याने केली तो कमिटीचा सचिव!"



"भावनेच्या भरात काहीतरी बोलू नकोस. खाली बस," राजेश म्हणाले.

पण सरिताबाई एव्हाना कपाटापाशी पोचल्या होत्या. त्यांनी पितळेचा प्याला आणून पाळकसाहेबांच्या हातात दिला. पाळकसाहेबांनी छताचा नाद सोडला आणि बाटलीतला उरलेला द्राक्षरस त्यात ओतला.

पहिल्यांदा कुशाबा प्यायला. मग जनी. तिसरा गुडघे टेकून बसलेला होता सुहास. कड पुसली गेली, प्याला जवळ आला, आणि हे लपवण्यात अर्थ नाही, त्याच्या पोटात ढवळलं. चाळीस वर्षांची सवय तीन मिनिटांच्या भाषणाने जात नाही. ढवळत असतानाच तो प्यायला. त्याच्यानंतर अमिता, मग सरिताबाई, मग खाली मान घालून पियुष. पस्तीसातले बावीस आले. उरलेल्यांनी मापं घेतली. राजेशनी आपलं माप डोळे मिटून अत्यंत भक्तिभावाने रिकामं केलं. वीज वगैरे काही कोसळली नाही.

बाहेर पडल्यावर सुहासचं मन हलकं झालं होतं, जरा जास्तच. "कुशाबाभाऊ, आज दोघं आमच्याकडे जेवायला या," तो म्हणाला. म्हणतानाच त्याला स्वतःबद्दल बरं वाटायला लागलं होतं.

जनीने त्याच्याकडे नीट बघून घेतलं. "येऊ की. पन आदी तुमी आमच्याकडं या."

"अहो, उगाच कशाला त्रास..."

"त्रास कसला? पानी पाजीन मी. ग्लासात."

सुहास अडखळला. सरिताबाई पायरीवर छत्री उघडत होत्या. "जा मुकाट्याने," त्या म्हणाल्या. "विहिरीवर ती शोमरोनी बाई भेटली, तेव्हा प्रभूनं काय केलं? जिच्या भांड्याला त्याची माणसं शिवत नव्हती, तिच्याकडं त्यानं आधी पाणी मागितलं. तो द्यायला निघालेला माणूस, पण आधी मागितलं. देताना आपला हात वरच असतो रे बाबा. घेताना तो खाली येतो. तो आणायचा असतो खाली."

सुहास गेला. नाल्याकाठची एक खोली, पत्र्याची, आतून सारवलेली. जनीने हंड्यातून स्टीलचा ग्लास भरला आणि कुशाबाने तो आपल्या हाताने त्याला दिला. सुहासने ग्लास ओठाला लावला आणि तळापर्यंत प्यायला. त्याने आणखी एक ग्लास मागितला.

वाचकहो, आपण सगळी सभ्य माणसं आहोत. आपल्यापैकी कोणीही भेदभाव करत नाही; आपण फक्त स्वच्छता पाळतो. कामवालीचा कप खिडकीत ठेवतो, ड्रायव्हरला डिस्पोजेबलमध्ये चहा देतो आणि रविवारी, शुक्रवारी, गुरुवारी, ज्याच्या त्याच्या वारी, देवापुढे सगळे सारखे म्हणून गातो. आपली घाण उचलणाऱ्या माणसाची आपल्याला किळस येते, आपली मात्र कधीच येत नाही. शास्त्र वाचलेल्या माणसाने आधी ही दुसरी किळस शिकावी. ती आली की मग दानधर्म, भाषणं, निवेदनं सगळं जरा बाजूला ठेवावं, आपण ज्याला ओंजळीने पाजलं त्याच्या दारात जावं आणि प्यायला पाणी मागावं.