नाकावरची लाल रेघ

मित्रांनो, रत्नागिरीतल्या एका रुग्णालयात, नवजात बाळांच्या कक्षात उभा असलेला मी एक जुना श्वाससंच आहे. दिवस भरायच्या आधी जन्मलेल्या बाळांची फुफ्फुसं इतकी कोवळी असतात, की श्वास सोडला की मिटतात. मी नाकातून हवेचा हलका दाब देऊन ती उघडी ठेवतो. माझ्या पाण्याच्या बाटलीत बुडबुडे येत राहिले की समजायचं, दाब नीट पोचतोय.

मी आलो तेव्हा मला हार घातला होता. त्याआधी अशी बाळं घेऊन लोक कोल्हापूरला धावत; काही बाळं घाटातच दगावत.

हवा पोचवायला माझ्याकडे दोन साधनं होती : नाकपुड्यांत बसणाऱ्या आखूड नळ्या आणि नाकावर बसणारा इवलासा मऊ मास्क. मास्क कडेने गळतो म्हणून तो कपाटातच पडून राहिला. नळ्या पट्टीने बांधल्या की घट्ट बसत. संगमेश्वरकडच्या एका मुलीला त्या नऊ दिवस होत्या. पट्टी सोडली तेव्हा नाकपुड्यांमधला पडदा झिजून गेला होता. मुलगी वाचली, पण नाक कायमचं बिघडलं. तिची काळजी घेणाऱ्या राजश्री सिस्टर त्या दिवशी डबा न उघडताच घरी गेल्या.

यंदा नसीमाचा रय्यान आला. अकराशे ग्रॅमचा, अडीच महिने आधीच जन्मलेला. बाप जमाल कुवेतला कामावर. चौथ्या दिवशी दुपारी नसीमाने विचारलं, "सिस्टर, याच्या नाकाला ही लाल रेघ कसली ओ?"

राजश्रीने वाकून पाहिलं आणि लगेच डॉक्टर विनीतना बोलावलं. "सर, पडदा लाल झालाय. मास्क लावूया."

"आणि दाब पडला तर? घशात नळी घालून मोठ्या यंत्रावर ठेवावं लागेल. ते आज रिकामं नाही."

"एका पोरीचं नाक गेलंय सर, माझ्याच पाळीत. पुन्हा नाही बघवणार मला."

डॉक्टरांनी स्टूल जवळ ओढलं. "लावा. मी इथेच थांबतो."

मास्क लावला आणि बुडबुडे थांबले. ऑक्सिजनचा आकडा नव्वदवरून ब्याऐंशीवर आला, मग चौऱ्याहत्तरवर. रय्यानच्या बरगड्या आत ओढल्या जाऊ लागल्या. मी हवा ढकलत होतो, पण ती त्याच्यापर्यंत पोचत नव्हती. राजश्रीने झटकन लहान मापाचा मास्क बसवला. तरी बुडबुडे येईनात.

"तोंड उघडं आहे त्याचं, हवा तिथूनच जातेय," त्या म्हणाल्या. "नसीमा, बाय, हात धुऊन ये. हनुवटीखाली बोट धर. दाबू नको, नुसतं टेकव."

नसीमाने रय्यानच्या हनुवटीखाली बोट टेकवलं. तोंड मिटलं. एक बुडबुडा आला, मागून दुसरा. आकडा सावकाश चढू लागला. डॉक्टर मात्र तासभर हलले नाहीत.

त्यानंतर दर चार तासांनी मास्क आणि नळ्या आलटूनपालटून लावल्या. आणखी दोनदा आकडा घसरला, दोन्ही वेळा नसीमा रडली. रेघ जायला सहा दिवस लागले. सातव्या आठवड्यात रय्यान घरी गेला.

आता मी घरघरतो. माझ्या जागी नवा संच येणार आहे. त्यालाही नळ्या असतीलच. मित्रांनो, तुमच्यातलं कुणी उद्या डॉक्टर होईल, कुणी सिस्टर होईल. आम्हाला पट्टीखालची कातडी दिसत नाही. दर पाळीला ती पट्टी सोडून बघा. बाळाच्या आईने विचारायची वाट पाहू नका.